साळवे साहेबांची मोजणी

आमचे शेजारी साळवे साहेब रोज सकाळी त्यांच्या फाटकापासून माझ्या फाटकापर्यंत पावलं मोजतात. बावीस भरतात. एकदा साडेबावीस भरली, तर साहेब बेल दाबून दारात उभे.

"जयभीम, भाऊ. शंका आहे म्हणून विचारतो, फाटक सरकवलं का?"

फाटक सिमेंटात रोवलेलं! साहेबांच्या पायात त्या दिवशी नवी चप्पल होती, इतकंच. पण साहेब चपलेवर कशाला संशय घेतील? भोकरदन तालुक्यातले बांध मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. भावाभावांच्या मध्ये मोजणीची साखळी धरून उभा राहिलेला माणूस तो. कुणीही दोघं गोडीनं बोलताना दिसले, की त्यांचे कान टवकारतात. "गोड बोलून राह्यले म्हणजे कुठं तरी हद्द सरकून राह्यली," असं ते छातीठोक सांगतात. सुमनवहिनींच्या हातून चहात चमचाभर साखर जास्त पडली, तरी कप खाली ठेवून आधी वहिनींकडं बघतात.

अशा माणसाच्या माडीवर रेवती, निखिल आणि अमोल भाड्यानं आले. रेवती बँकेत, निखिलचं काम घरूनच, कॉम्प्युटरवर, अमोल बियाणं कंपनीत. "आम्ही तिघं एका घरातले," एवढंच रेवती म्हणाली. साहेबांनी करारात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: नवरा, बायको, दीर. दीर म्हणजे अमोल. झेरॉक्स माझ्याच दुकानात निघाली.

दोन महिन्यांनी साहेब दुकानात आले आणि काउंटरवर वाकून कुजबुजले, "भाऊ, बायको दिराचा हात धरून राजूरच्या गणपतीहून आली. नवऱ्यानं फाटक उघडलं. हसून!"

"मंग?"

"हसून, भाऊ!"

त्यानंतर आठ दिवस साहेब पाण्याच्या टाकीआड उभे राहून जिन्यावरच्या चपलांवर नजर ठेवत होते. कुणाची चप्पल कुणाच्या शेजारी, याचा चक्क नकाशा काढला होता. मी पाहिलाय तो, प्रमाणात होता. शेवटी न राहवून त्यांनी रेवतीला सरळ विचारलं आणि तिनंही सरळ सांगितलं, "काका, माझं दोघांवरही प्रेम आहे. दोघांनाही माहितीय, दोघांनाही कबूल आहे. दीर तुम्हीच लिहिलं."

गल्ली म्हणाली, खोली खाली करा. साहेब म्हणाले, "जबाब घेतल्याशिवाय निकाल न्हाई. रविवारी दहा वाजता." पंच म्हणून मला बोलावणं आलं. खोटं कशाला सांगू, मी इस्त्रीचा शर्ट घातला.

ओसरीवर तिघं रांगेत बसले होते. घर राहणार की जाणार, या धास्तीनं रेवती बांगडी फिरवत होती. वहिनी उंबऱ्यात मेथी निवडत होत्या. साहेबांनी फुलस्केप कागद मांडीवरच्या पॅडला लावला.

"सामाईक विहिरी लई पाह्यल्या मी. पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटतात. तुमच्यात पाळी कोण ठरवतं?"

"पाळी न्हाई, काका," अमोल म्हणाला. "दर रविवारी आम्ही बसतो. आठवड्यात आपल्याला काय कमी पडलं, ते एकेकानं सांगायचं. बाकीच्यांनी मधे बोलायचं न्हाई."

"शंका आहे. करून दाखवा."

निखिलचे कान लाल झाले. तो अमोलकडं न बघता म्हणाला, "मंगळवारी तुम्ही दोघं जालन्याला गेल्ते. जा, असं मीच म्हणालो होतो आणि मनापासून म्हणालो होतो. पण आल्यावर तुम्ही दोघंच हसत होता. कशावर, ते मला कुणी सांगितलंच न्हाई. मला वाटलं, मी इथं पाहुणा आहे."

साहेबांचा पेन कागदावर टेकला. आता ठिणगी पडणार! मीसुद्धा खुर्ची पुढं ओढली.

रेवती त्याच्याकडं वळली. "काय केलं असतं तर बरं वाटलं असतं?"

"माझ्याशेजारी बसून सांगितलं असतं तर."

"चुकलंच आमचं," अमोल म्हणाला.

"एवढंच?" साहेबांनी विचारलं.

"एवढंच, काका."

कागद कोरा राहिला. इतके बांध मोजले, पण भांडणाच्या तोंडाशी आलेली माणसं अशी बिनबोभाट परत फिरलेली साहेबांनी कधी पाहिली नसावीत. त्यांनी पेन कागदावरून उचलला. मग मान न वळवता उंबऱ्याच्या दिशेनं म्हणाले, "अगं... शंका आहे म्हणून विचारतो. तुला काय कमी पडलं?"

वहिनींचे हात थांबले.

"आठवड्याचं सांगू, का एकतीस वर्षांचं?"

साहेबांनी घाईघाईनं पॅड सावरलं. "सांग, लिहून घेतो."

"लिहू नका. नुसतं ऐका. मधे बोलू नका."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. तिघं आपल्या चपला हातात घेऊन हळूच वर गेले. मीही उठलो, पण पहिलं वाक्य कानावर पडलंच. "तुम्ही मोजणीवरून आले की विचारायचे, कोण आल्तं घरी. मी कशी आहे, हे एकदाबी न्हाई विचारलं."

सोमवारी साहेब करार घेऊन दुकानात आले. 'नवरा, बायको, दीर' यावर काट मारून त्यांनी 'तिघंजण' लिहिलं आणि झेरॉक्स मागितली. मी मशीनवर कागद ठेवत विचारलं, "आणि वहिनी?"

"अजून सांगून राह्यली, भाऊ. सहाव्या वर्षापर्यंत आलोय." त्यांनी झेरॉक्सची घडी घातली. "जातो. वाट बघून राह्यली असंल."

आणि साहेब पावलं न मोजता घराकडं गेले.