गोळीची अचानक तपासणी

"मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!" असं निरीक्षकसाहेब छातीठोकपणे सांगत. हल्ली त्या छातीत स्टेंट होता, एवढंच! नोकरी वजनमापे खात्यात गेलेली. खोटे तराजू पकडून पकडून स्वभावच असा झाला होता की बायकोनं चहा दिला तरी आधी कप उचलून अंदाज घेणार.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की गुठळी होते. ही गोळी त्यांना चिकटू देत नाही. मला विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही!" बायको रोज गोळी काढून हातावर ठेवायची, साहेब गिळायचे. छान चाललं होतं.

पण या खेपेला औषधवाल्यानं दुसऱ्याच कंपनीचं पाकीट दिलं. "औषध तेच आहे, काका." तेच? मग पाकीट निळ्याचं हिरवं कसं झालं? त्यात औषधवाल्यानं काळा चष्मा लावलेला! (बिचाऱ्याचे डोळे आले होते.) साहेबांचं धाबं दणाणलं. गोळी खडूची निघाली तर स्टेंट तुंबणार आणि आपण फुकटचे वर जाणार!

आठवडाभर कळ काढून शेवटी त्यांनी वस्तरा उचलला. हिशेब सोपा होता. गोळी खरी असेल तर रक्त लवकर थांबणार नाही. थांबलं, तर औषधवाला गजाआड! त्यांनी हनुवटीवर एक चीर पाडली. रक्त आलं. दाबायचं? छे! पुराव्याला हात लावायचा नसतो!

बनियन लाल झालं, बेसिन लाल झालं.

"थांबत नाही! अगं, थांबतच नाही!" साहेब आनंदानं ओरडले.

सून धावत आली. सासऱ्यांच्या हातात वस्तरा, गळ्यावर रक्त आणि तोंडभर हसू! तिनं अशी किंकाळी फोडली की शेजाऱ्यांनी परस्पर रुग्णवाहिका बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी कापूस घट्ट दाबून धरला. थोड्या वेळानं रक्त थांबलं. "शंका आली तर मला विचारायचं हो! ही काय तपासायची रीत झाली?"

"ते असू द्या, डॉक्टर. नवी गोळी अस्सल निघाली! औषधवाला सुटला!"

"कुठली नवी गोळी?" रडून डोळे सुजलेल्या बायकोनं विचारलं.

"हिरव्या पाकिटातली. आठवडाभर खातोय ना!"

"अहो, ते पाकीट मी अजून फोडलेलंच नाही! जुन्या निळ्यातल्या उरल्या होत्या, त्याच देतेय."

"का?"

"मलाही त्या काळ्या चष्म्याचा संशय आला होता!"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. साहेब मात्र हळूच हनुवटीची दुसरी बाजू चाचपू लागले.