दोन बोटं काठी कोणी कापली?

ऐक हां, आणि मध्ये बोलू नको. एकदा तोडलंस की मला परत पहिल्यापासून सांगावं लागतं.

लवूला ओळखतोस ना? झेरॉक्सवाला लवू. दुकानाच्या काचेवर लॅमिनेट केलेला कागद आहे बघ त्याच्या: "कोकणातील एकमेव वैज्ञानिक गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, मेंदू स्वतःचा. हरवलेलं शोधून मिळेल. आधारकार्डाची रंगीत प्रतही मिळेल." हे सगळं त्याने स्वतःच लिहिलंय आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ते मोठ्याने वाचून दाखवतो. आजवर सतरा केसेस घेतल्या. सोळा सुटल्या नाहीत, आणि सतराव्यात हरवलेली छत्री लवूच्याच हातात होती. तो म्हणतो, शंभर टक्के प्रामाणिक तपास यालाच म्हणतात.

आणि झुबेर त्याचा असिस्टंट. का, तर स्कूटर झुबेरची आहे. लवूकडे लायसन नाही. गुप्तहेराचा फोटो सरकारी कागदावर असू नये, असं तो सांगतो. खरं म्हणजे आठ काढताना तीनदा पडला.

तर झुबेरची बहीण आफरीन, चौदा वर्षांची, मुसाचाचांच्या स्की क्लबात आहे. आता हसू नको. होय, स्की क्लब, रत्नागिरीत. मुसाचाचा अकरा वर्षं दुबईला होते, मॉलातल्या बर्फाच्या हॉलात. तिथे ते कोच नव्हते हां. ते बुटांच्या काउंटरवर. माणूस समोर आला की बघायचं आणि मापाचे बूट-काठ्या काढून द्यायच्या. परत आले ते हॉलवाल्यांनी टाकून दिलेल्या काठ्या, बूट आणि स्की घेऊनच. आता बर्फ नाही तर नाही. पावसाळ्यात पोरं काठ्या-बूट कपाटात ठेवून सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरच्या, ओल्या गवतावरून घसरतात, ऑक्टोबरपासून चाकांच्या स्कीवर डांबरी रस्त्यावर पळतात. दीड हात लांब पट्टी, पुढेमागे एकेक चाक, हातात दोन काठ्या, आणि काठ्यांनी जमीन मागे ढकलत जायचं. निवडलेले तीन मुलगे आणि तीन मुली फेब्रुवारीत काश्मीरला. वर्षातले आठ दिवस बर्फ, उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस मुसाचाचा.

मागच्या वर्षी आफरीन निवडीत चौथी आली होती. चौथी म्हणजे घरी. पोरीने त्यानंतर वर्षभर एकही सकाळ चुकवली नाही. ह्या रविवारी परत निवड होती, आणि सोमवारी कपाटातून काठ्या निघाल्या, तिने पळून बघितलं, तर मे महिन्यापेक्षा सात सेकंद जास्त.

"काठी आखूड झालीय," ती झुबेरला म्हणाली. "मे महिन्यात काखेत बसत होती. आता दोन बोटं खाली राहते. वाकून वाकून पाठ गेली माझी."

"चार महिने कपाटात कुलपात होती. आखूड कशी होईल?"

"ते मला काय माहीत? बूटपण चावतायत."

झुबेरची चूक एवढीच, की हे तो लवूच्या दुकानात बोलला. लवूने हातातलं रेशनकार्ड मशीनमध्ये अर्धं सोडलं.

"दोन बोटं," तो म्हणाला. "कापली."

"कोणी?"

"ते शेवटी कळतं. गाडी काढ."

क्लबाचं कपाट म्हणजे सड्यावरच्या पाण्याच्या टाकीखालची खोली. लवूने टेप लावली. एकशे दहा सेंटीमीटर.

"आधी किती होती?" झुबेरने विचारलं.

"तेच तर चोराने लपवलंय."

काठीवर मापाचा आकडा होता कधीतरी, पण दुबईतच पुसला गेलेला. लवूने मुठीला लागून नेलपॉलिशने खूण केली आणि मंगळवारी परत मोजली. एकशे दहा. बुधवारी मोजली. एकशे दहा.

"चोर सावध झालाय," लवू म्हणाला. "आपण आल्यापासून कापायचं थांबवलंन."

मग त्याने दुसरी काठी मोजली. तीही एकशे दहा. लवूने दोन्ही काठ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या.

"दोन्ही सारख्या कापल्यात. एका केसाचा फरक नाही. म्हणजे चोर हाताचा सफाईदार आहे. धंद्याचा माणूस आहे."

"लवूदा, आणि बुटांचं काय? तेपण लहान झालेत."

"कातडं पावसात आटतं. बुटांचा ह्या केसशी संबंध नाही. मुद्द्यावर रहा."

झुबेर म्हणाला, मुसाचाचांना विचारूया, त्यांना मापातलं कळतं. लवूने त्याच्याकडे असं बघितलं, जसं काय त्याने पोलिसात जाऊया म्हटलंय. "कपाटाची चावी कोणाकडे? मुसाचाचांकडे. म्हणजे संशयित नंबर एक. संशयिताला कोणी सल्ला विचारतो?" आणि एकाही माणसाने चाचांकडे किंवा घरी तोंड उघडायचं नाही अशी त्याने झुबेरला शपथ घातली, आफरीनलाही घातली. बिचारे चाचा बुधवारी दोनदा विचारायला आले, "बेटा, काठ्या बरोबर आहेत ना गो?" आणि आफरीन "होय चाचा" म्हणून वाकून वाकून पळत राहिली.

मध्ये एक दिवस लवूला असं वाटलं की काठी आहे तेवढीच आहे, पण सडा वर येतोय. कातळ पावसाचं पाणी पितो आणि फुगतो, म्हणे. झुबेर म्हणाला, "मग आफरीनपण वर जाईल ना रे, ती त्याच्यावरच उभी आहे." लवूने ते वहीत लिहिलं, आणि मग खोडलं. ह्या एका दिवसाचा झुबेरला आजही अभिमान आहे.

गुरुवारी लवूला सुतार सुचला.

निलेश क्लबातलाच, सोळा वर्षांचा, मुलांमधला सगळ्यात जलद. त्याचे वडील भिकाजीकाका सुतार. घरात करवत. लवूच्या दृष्टीने तिथेच केस संपली. शुक्रवारी तो भिकाजीकाकांकडे गेला, फांदी कापायची आहे म्हणून करवत मागून आणली, आणि झेरॉक्सच्या काउंटरवर ठेवून तिच्यावर टाल्कम पावडर मारली. छप्पन्न ठसे निघाले, सगळे भिकाजीकाकांचे.

"म्हणजे टोळी नाही," लवू म्हणाला.

"लवूदा, करवत त्यांचीच आहे."

"कबूलच आहे म्हणजे."

तिकडे भिकाजीकाका शनिवारी द्यायचा देव्हारा अर्धा ठेवून करवतीची वाट बघत बसलेले. इकडे आफरीनने जेवण सोडलेलं. अम्मी काय झालं विचारते तर सांगत नाही, शपथ घातलेली. रात्री झोपताना झुबेरला एवढंच म्हणाली, "परत चौथी आले तर मी नाही खेळणार हां पुढे." झुबेरचा सगळा भरवसा एका माणसावर, आणि तो माणूस करवतीला पावडर लावतोय.

शनिवारी संध्याकाळी लवूने सगळ्यांना झुबेरच्याच घरी बोलावलं. शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवायचं असतं, असा म्हणे नियम आहे, आणि लवूच्या दुकानात दोनच माणसं मावतात. मुसाचाचा आले, निलेश आला, आफरीन कोपऱ्यात, झुबेर दाराशी. आणि खतिजाचाची, म्हणजे झुबेरची अम्मी, शिवणयंत्रावर. ती शिवणकाम करते. ती म्हणाली, तुम्ही बसा, मला आफरीनची उद्याची सलवार दुरुस्त करायची आहे. त्यामुळे लवूच्या प्रत्येक वाक्याला मागून मशीनचा आवाज.

"ह्या खोलीत," लवू म्हणाला.

टर्रर्र.

"ह्या खोलीत एक माणूस असा आहे, ज्याला आफरीन काश्मीरला जायला नको आहे."

"लवू बेटा," मुसाचाचा म्हणाले, "काठ्यांचं काय आहे तर मला एक मिनिट..."

"तुम्ही संशयित आहात चाचा, तुम्हाला शेवटी वेळ मिळेल." लवू निलेशकडे वळला. "दोन बोटं. दोन्ही काठ्या. सफाईदार. निलेश, तुझ्या घरात करवत आहे की नाही?"

"होती," निलेश म्हणाला. "तू घेऊन गेलास."

"म्हणजे होती."

"अरे पण मी का कापू? ती मुलींच्यात पळते, मी मुलग्यांच्यात. ती जिंकली तर माझं काय जातं?"

ही बाजू लवूने तपासलीच नव्हती. पण माणूस असा की मागे सरेना. "तुझ्या बाबांना कापलेल्या काठ्यांचे तुकडे लागत असतील," तो म्हणाला. "खुर्चीच्या पायांना."

आता निलेश उठला. कानापर्यंत लाल. "बाबांचं नाव घेऊ नको हां लवूदा."

तेवढ्यात मशीन थांबली.

"आफरीन, इकडे ये," खतिजाचाची म्हणाली. "उभी रहा सरळ. नीट." सलवार तिच्या कमरेला लावून धरलीन आणि खाली बघितलंन. "बकरीदला शिवली तेव्हा पायघोळ होती. आता घोट्याच्या वर. दोन बोटं सोडवायला लागतील." मग सुई दातांत धरून तिने लवूकडे बघितलं. "हीपण कोणी कापली काय रे लवू?"

आणि लवू, ऐक हां, लवूने खाली वाकून सलवारीची कड भिंगातून बघितली आणि म्हणाला, "शक्यता नाकारता येत नाही. घरात कात्री आहे?"

मुसाचाचांनी कपाळावर हात मारला. "ह्याचसाठी मी परत परत विचारत होतो, काठ्या बरोबर आहेत ना. पोर वाढली. अकरा वर्षं मी दुसरं काय केलं? बूट चावतायत काय गो?"

आफरीनने होय म्हणून मान हलवली.

"बूट माझ्याकडे पुढचा नंबर आहे. तो प्रश्न नाही. पण काठी एकशे चौदा पाहिजे, आणि ती जोडी माझ्याकडे नाही. एकदम एकशे पंचवीस आहे, ती हिच्या खांद्यापर्यंत येईल."

म्हणजे बघ, चोर सापडला, तो तिच्याच हाडांत होता, आणि काठी आखूडच. संध्याकाळचे सात. सकाळी सातला निवड. चार दिवसांपूर्वी चाचांना विचारलं असतं तर मुंबईहून जोडी आली असती. आफरीन रडली नाही, आत गेली फक्त. ते झुबेरला जास्त लागलं.

निलेश चपला घालत होता. झुबेरने त्याला दारात गाठलं.

"करवत मी आणून देतो, आत्ता."

"आणि बाबांना सांगणार कोण, का नेली होती ती?"

झुबेरने लवूकडे बघितलं. लवू म्हणाला, "गुप्तहेर माफी मागत नाही. तो निष्कर्ष बदलतो."

म्हणून झुबेर गेला. करवतीवरची पावडर पुसून भिकाजीकाकांसमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलंन, खुर्चीच्या पायांच्या आरोपासकट. भिकाजीकाका ऐकत होते, अर्धा देव्हारा मांडीशी. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"काठी पोकळ आहे काय?"

"होय."

"मग घेऊन ये की मेल्या. कापली म्हणून माझं नाव घेतलंत, वाढवायचं कोणाला सुचलं नाही."

झुबेरने काठ्या आणल्या तशी काकांनी मूठ काढली, आत फणसाच्या लाकडाचा दांडा ठोकला, दोन बोटं वर ठेवला, त्यावर परत मूठ बसवली. दोन्ही काठ्या. एका केसाचा फरक नाही. पैसे विचारले तर म्हणाले, त्या झेरॉक्सवाल्याला माझ्या दारात पाठवू नको, एवढंच दे.

रविवारी सकाळी सड्यावर सगळी पोरं नंबर लावून उभी. निवडीला पुण्याहून एक साहेब आलेले, टाकीजवळ खुर्ची टाकून बसलेले. मुसाचाचांनी आधीच सगळ्यांना बजावलेलं, साहेब कडक आहेत, तक्रार आली की आधी चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत ज्याचा नंबर गेला त्याचा गेला. आफरीनचा नंबर दुसरा. पहिली मुलगी सुटली. आफरीन पुढे झाली, काठ्या काखेत बरोब्बर बसलेल्या, पाठ ताठ.

आणि लवू आला. टेप घेऊन. कोणाला काही कळायच्या आत त्याने काठीला टेप लावली.

"एकशे चौदा," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "झुबेर, माझी खूण बघ, मूठ दोन बोटं वर गेलीय. काठीशी कोणीतरी छेडछाड केलीय. सुताराने केलीय. मी सांगत होतो, सुतारच. फक्त दिशा उलटी होती." आणि निघाला ना साहेबांकडे, टेप वर धरून.

झुबेर बघतोय. साहेब पन्नास पावलांवर. आफरीन सुटायला तीस सेकंद राहिलेले. लवूला समजवायचं म्हणजे अर्धा तास, आणि अर्ध्या तासानेही तो समजत नाही हे झुबेरपेक्षा चांगलं कोणाला माहीत? धरून ठेवावं तर ओरडणार. झुबेरने तोंड उघडलं आणि जे आलं ते बोलला.

"लवूदा, तो बघ. पळाला."

"कोण?"

"ज्याने सांगितलं भिकाजीकाकांना. खरा सूत्रधार. तो खाली, वळणावर."

लवूने पुढे काही विचारलं नाही. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी पाठलागाला लावलं होतं. चपला फटफट करत रस्त्याने सुटला, टेप मागे फडफडतेय. मागून आफरीन आली, "लवूदा, बाजूला," म्हणाली आणि गेली पुढे. मुली एकेक करून त्याला ओलांडून गेल्या, हा धावतोच आहे. दोन किलोमीटर. खाली शेवटच्या रेषेवर वेळ लिहिणाऱ्या माणसाने त्याचीही वेळ लिहिली, साडेबारा मिनिटं, आणि नंबर दिसेना म्हणून पुढे लिहिलं: चप्पल गट.

आफरीन तिसरी. जागा तीन.

खतिजाचाची आता लोकरीचं काहीतरी शिवतेय, चार बोटं जास्त कापड सोडून, कारण फेब्रुवारीला अजून वेळ आहे. निलेशही निवडला गेला, आणि तो झुबेरशी बोलतो, लवूशी नाही. आणि लवूने काचेवर नवीन कागद लावलाय, अठरावी केस चालू आहे म्हणून. रोज संध्याकाळी झुबेरला समोर बसवतो, वही उघडतो आणि विचारतो, तो सूत्रधार दिसायला कसा होता, उंच होता काय, दाढी होती काय. झुबेर खरं बोलला तर लवूचा तो एकुलता एक पाठलाग खोटा ठरतो. खोटं बोलला तर आपल्यापैकी कोणाच्या तरी दारात लवू करवत मागायला उभा. काल तर वही पुढे करून म्हणाला, तूच चित्र काढ.

आता तू सांग. झुबेरच्या जागी तू असतास तर काय काढलं असतंस?