आक्का, हलवू नका

सुजाता, फोन जरा कानाशी नीट धरून ऐक. बापावर रुसून बसायला तू काय लहान आहेस? ‘आबा मला फोनच करत नाहीत,’ एवढं एकच पालुपद तुझं. त्यांच्या शेजारी मी राहते, तू नाहीस. म्हणून तुझा बाप कसा आहे ते मी सांगते, तुझ्या घरच्यांनाही ऐकव.

अख्ख्या चकलांब्यात माझ्या उखळाला भिणारा हा एकच माणूस. मी मिरची कांडायला घेतली की भिंतीपलीकडून आवाज येतो, “आक्का, हलवू नका. खडा बसतोय.”

“मग आमी चटणी बिनमिरचीची खावी का?”

“चार दिस दही खावा.”

सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली आणि निवृत्त होऊन गावी आले ते हे वेड घेऊनच. खिडकीत दोन बाटल्या. तोंडाला कागद, कागदाला टाचणीची भोकं. दोन्हींत वेगवेगळं औषध विरघळलेलं; त्यातलं पाणी हळूहळू उडतं आणि तळाशी औषधाचे खडे धरतात.

“ह्या दोघी सख्ख्या बहिणी, आक्का. हिच्या रेणूला एक शेपूट जास्त, बाकी सगळं सारखं. पण तेवढ्यानं शेजारी बसायची रीतच बदलली. हिचे खडे सुईवानी, तिचे पापडीवानी.”

मी म्हटलं, “त्यात काय नवल? माझ्या दोन्ही सुना एकाच घरच्या. एका खाटेवर बसवून दाखवा.”

तर हे त्यांनी वहीत लिहून घेतलं.

गेवराईच्या जीपमध्ये तर विचारू नकोस. माणसं नुसती कोंबलेली त्यांना बघवत नाहीत. “मावशी, तुमी तिरप्या व्हा. पाटील, तुमचा गुडघा त्या टोपलीच्या बगलेत.” चौदा जण बसले आणि टोपलीतली अंडीही शाबूत. आता आबा आल्याशिवाय ड्रायव्हर जीप भरतच नाही.

मागच्या महिन्यात ते दळण आणायला गेले, आणि मी त्यांचं घर झाडायला आत शिरले. सुयांची बाटली उजेडाला धरली, जराशी हलवली. बघता बघता आत पांढरा चुरा भरून आला.

आबा आले, रागावले नाहीत. तेच मला लागलं. “घाईनं चुराच होतो,” एवढं म्हणाले आणि खाटेवर टेकले. हातात फोन, त्यात तुझा नंबर काढलेला.

“कावून लावत न्हाई मग?”

“पोरगी परक्या गावात आत्ता कुठं बसतीय, आक्का. सारख्या हाका मारल्या तर मन हलंल तिचं.”

रोज नंबर काढतात, बघतात आणि फोन उशाशी ठेवतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो चुरा गाळला. त्यातला एक स्वच्छ कण चिमट्यानं उचलून दोऱ्याला बांधला आणि पुन्हा बाटलीत सोडला. आता तो बोटाच्या पेराएवढा झालाय, काचेसारखा नितळ. स्वतःच म्हणाले, “तुमी हलवलं म्हणून हे खड्याचं बी गावलं.”

म्हणून तुलाही हलवतेय, बाई. ज्वारी हुरड्याला आली की ये, दोन दिवस का होईना. तोवर मी मिरची कांडत नाही. पण लवकर ये, घरातली चटणी संपत आलीय.