खोक्यातून आलेले आपटीकर

सौमित्र सबनीसने मागवलेल्या वायरलेस हेडफोनच्या खोक्यातून चार्जिंगची केबल, काळी पिशवी, माहितीपत्रक आणि मुकुंद आपटीकर नावाचे एक गृहस्थ निघाले. खोकं मध्यम आकाराचं होतं. आपटीकरांनी बाहेर आल्यावर शर्टाच्या इस्त्रीवरून हात फिरवला, चपला दाराशी नेऊन ठेवल्या आणि सौमित्रच्या आईकडे, कालिंदीबाईंकडे, पाणी मागितलं.

माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. हेडफोन आजूबाजूचा गोंगाट नाहीसा करतो. गोंगाट आपोआप नाहीसा होत नसल्यामुळे त्यासाठी एक माणूस दिला जातो, त्याला नाद-निवारक म्हणतात. वॉरंटी दोघांची मिळून एक वर्षाची होती.

सौमित्रला ही सोय हवीच होती. तो घरूनच काम करी. लोकांनी मोठ्याने वाचलेली पुस्तकं ऐकायची आणि आवाज कुठे फाटतो, कुठे श्वास जास्त येतो, हे कळवायचं, असं ते काम. दिवसभर परक्या माणसांचे श्वास मोजणाऱ्या या मुलाला जुन्या वायरच्या इअरफोनचा अगदी उबग आला होता. "डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज येतो त्यातून," तो म्हणे, "आणि वर घरातला सगळा कचरा ऐकू येतो." तो इअरफोन रबरबँड लावून ड्रॉवरमध्ये गेला.

घरातला कचरा म्हणजे पंखा, फ्रिज आणि कालिंदीबाई.

आपटीकरांची पद्धत सोपी होती. पहिले तीन दिवस त्यांनी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून नमुने घेतले. कोण, किती वाजता, काय म्हणतं, हे वहीत लिहिलं. चौथ्या दिवसापासून, कालिंदीबाई जे बोलतील त्याच्या बरोबर उलट, त्याच क्षणी, तेवढ्याच आवाजात ते बोलू लागले. साडेसातला त्या म्हणत, "चहा ठेवलाय रे," आणि आपटीकर म्हणत, "चहा ठेवलेला नाही रे." दोन्ही वाक्यं हवेत एकमेकांना भिडत आणि घरात काहीच ऐकू येत नसे. "मान वर कर, पाठ दुखेल" आणि "मान खालीच ठेव, पाठ दुखणार नाही" हेही असंच जाई. 'अरे'चं उलट काय असतं ते आपटीकरांनी कधी सांगितलं नाही. ती त्यांच्या खात्याची गोपनीय बाब होती.

"माझंच बोलणं कशाला पुसताय?" कालिंदीबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं. हे त्या गॅलरीत विचारू शकल्या, कारण गॅलरी कार्पेट क्षेत्रात धरली जात नाही आणि निवारण फक्त कार्पेट क्षेत्रापुरतं असतं.

"ताई, आम्ही माणूस बघत नाही," आपटीकर म्हणाले. "जे रोज तेच असतं ते आमच्याकडे येतं. भांडं पडलं, कुणी शिंकलं, कुकरची शिट्टी झाली, ते तुमचं तुम्ही बघायचं. सातत्य असलं की मात्र आमचं काम."

"म्हणजे मी पंख्यात जमा?"

"पंख्याला फक्त एकच वाक्य आहे. तुमची सत्तेचाळीस आहेत," आपटीकर आदराने म्हणाले.

दर आठवड्याला सौमित्रच्या फोनवर शांततेची प्रत विचारणारा फॉर्म येई. तो पाचपैकी पाच देई.

असेच दोन महिने गेले. पण एका सोमवारी कालिंदीबाईंच्या मोठ्या बहिणीचा, प्रमिलाताईंचा, दापोलीहून फोन आला. ताईंच्या बालवाडीतली बाई लग्न करून गेली होती. पस्तीस मुलं होती आणि सांभाळायला कुणी नव्हतं. लग्नाआधी कालिंदीबाईंनी इथेच, सांगलीत, चार वर्षं बालवाडी चालवली होती, हे ताईंना आठवलं. "येतेस का? राहायलाच ये," ताई म्हणाल्या. "रविवारपर्यंत सांग, नाहीतर मी दुसरी बघते."

नवरा गेल्याला सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत कालिंदीबाईंना कुणी कुठे बोलावलं नव्हतं. त्यांना जायचं होतं. त्याहून जास्त त्यांना हे सौमित्रला सांगायचं होतं, आणि अगदी खरं बोलायचं तर, त्याने एकदा तरी "नको जाऊस" म्हणावं असं त्यांना वाटत होतं. तो तसं म्हणाला की जायचं की राहायचं, ते त्या मग ठरवणार होत्या.

चिठ्ठी लिहायची गोष्टच नव्हती. फ्रिजवर आधीच अकरा चिठ्ठ्या होत्या आणि सौमित्र त्यांच्यामधून हात घालून पाण्याची बाटली काढी. शिवाय घर सोडून जायचं ते तोंडाने सांगून जायचं, असं कालिंदीबाईंचं मत होतं. गॅलरीत बोलवावं, तर त्याला तिथे ऊन लागे.

म्हणून त्यांनी वाक्य तयार केलं, "अरे, मी दापोलीला जायचं म्हणते." पोळ्या लाटताना त्यांनी ते म्हणून पाहिलं. धुणं वाळत घालताना पाहिलं. त्यांचं कशात लक्ष लागेना. नीट ठेवलेल्या बरण्या त्यांनी काढून पुन्हा नीट ठेवल्या, एकच ओटा तीनदा पुसला, आणि मंगळवारी संध्याकाळी सौमित्रच्या खुर्चीमागे उभं राहून ते वाक्य बोलून टाकलं.

काहीच ऐकू आलं नाही. त्यांना स्वतःलाही नाही. दारात उभ्या आपटीकरांचे ओठ मात्र हलून थांबले होते.

कालिंदीबाई तडक गॅलरीत गेल्या. "हे वाक्य मी त्याला पहिल्यांदा बोलले!"

"त्याला पहिल्यांदा," आपटीकर वही उघडत म्हणाले. "ओट्याशी एकोणीस वेळा बोललात. दहाच्या वर गेलं की नियमित धरतात."

"मग दुसऱ्या शब्दांत सांगते."

"सांगून बघा. पण ताई, राग मानू नका, तुमचा पहिला शब्द आला की पुढचं सगळं मला येतं आता."

त्यांनी बुधवारी दिवसभर सांगून पाहिलं. प्रमिलाताईंच्या फोनपासून सुरुवात करून पाहिली, हवामानापासून करून पाहिली, एकदा तर डोळे मिटून जे सुचेल ते बोलल्या. आपटीकर एकदाही चुकले नाहीत. आपलं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकत असेल असं कालिंदीबाईंना आयुष्यात वाटलं नव्हतं, आणि त्या विचाराने त्यांना जास्तच अस्वस्थ वाटलं.

गुरुवारी सकाळी साडेसातला त्यांच्या तोंडात लवंग होती. दाढ दुखत होती म्हणून. त्यामुळे "चहा ठेवलाय रे" म्हणायचं राहिलं, आणि आपटीकर आपल्या वेळेला बोलून गेले.

"चहा ठेवलेला नाही रे!"

त्यांचा आवाज हेडफोनला थेट जोडलेला असे. समोरून येणारं वाक्य न मिळाल्यामुळे तो तसाच सौमित्रच्या कानात शिरला. सौमित्र हेडफोन मानेवर घेऊन स्वयंपाकघरात आला. "का नाही ठेवला?" त्याने विचारलं, आणि ठेवलेला चहा घेऊन परत गेला.

कालिंदीबाई लवंग चावायची विसरल्या. दोन महिन्यांत या घरात पहिल्यांदा एक वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

त्या दिवशी दुपारपासून त्या ओट्याशी निराळंच वाक्य म्हणू लागल्या. "मी कुठेही जाणार नाही." कणीक मळताना, डाळीला फोडणी देताना, आणि विशेष करून शुक्रवारी सकाळी आठ दहाला, सौमित्रच्या खुर्चीमागे उभं राहून. "मी कुठेही जाणार नाही." त्या घरभर फिरत, थांबत, म्हणत, पुन्हा फिरत. आपटीकर स्टुलावर बसून निमूटपणे लिहून घेत होते. शुक्रवार संध्याकाळपर्यंत एकवीस नोंदी झाल्या.

"ताई," शुक्रवारी ते गॅलरीत म्हणाले, "तुम्ही काय करताय ते माझ्या लक्षात आलंय."

"मग?"

"मग काही नाही. नोंद ती नोंद. उद्या आठ दहाला मला बोलावंच लागेल."

शनिवारी आठ वाजून दहा मिनिटांनी कालिंदीबाई खुर्चीमागे उभ्या राहिल्या. छातीभर श्वास घेतला, तोंड उघडलं आणि गप्प राहिल्या.

"मी जाणार आहे!" आपटीकर म्हणाले.

सौमित्र दचकला. हेडफोन काढून तो गर्रकन वळला. कालिंदीबाई त्याच्यासमोर उभ्या होत्या. तो त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत होता.

"कुठे?" त्याने विचारलं. "काका, तुम्ही कुठे चाललात?"

आपटीकरांना कामाच्या वेळेत नियमित वाक्याखेरीज बोलायची मुभा नव्हती. त्यांनी मान खाली घातली.

"काका, असं करू नका," सौमित्र उठून उभा राहिला. "काही चुकलं का आमचं? जेवणाचं काही आहे का? तुम्ही नसलात तर मला एक दिवस जमायचं नाही. खरं सांगतो. नका जाऊ."

आपटीकरांनी हळूच मान हलवली. सौमित्रने सुटकेचा श्वास टाकला, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा कामाला बसला.

कालिंदीबाईंना जे वाक्य ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं होतं. शब्दन्‌शब्द तेच होतं, फक्त 'नको'चं 'नका' झालं होतं. त्यांना त्या क्षणी आपटीकरांचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी आत जाऊन माळ्यावरची बॅग काढली.

रविवारी सकाळी निघताना त्या सौमित्रच्या दाराशी थांबल्या. "येते रे," त्या म्हणाल्या. "येत नाही रे," आपटीकर म्हणाले. दाराशी सावली दिसली म्हणून सौमित्रने पाठमोऱ्यानेच अंगठा वर केला. आपटीकर बॅग घेऊन जिन्यापर्यंत आले, तिथे कार्पेट क्षेत्र संपत होतं. "तुमच्याबरोबर येता आलं असतं तर आलो असतो, ताई," ते म्हणाले. "पण मी हेडफोनबरोबरचा आहे."

दापोलीला पहिल्याच दिवशी कालिंदीबाई "बसा रे" म्हणाल्या आणि स्वतःच्या आवाजाला दचकल्या. पस्तीस मुलं बसली. तरी त्यांना चैन पडत नव्हती. तासातासाला त्या पर्समधला फोन काढून बघत आणि प्रमिलाताईंनी पाहिलं की किती वाजले म्हणून बघतेय, असं सांगत.

फोन मंगळवारी आला, दुपारी चारला दहा मिनिटं असताना.

"आई, ताईमावशी म्हणाली, तू तिच्याकडे आहेस?"

"रविवारपासून."

"मला वाटलं भाजीला गेलीस."

"दोन दिवस?"

"घरात बोलणं चालू होतं ना," तो म्हणाला. "म्हणून वाटलं सगळं आहे तसंच आहे."

"माझा आवाज कसा येतोय?"

"खरखरतोय. जुना वायरवाला काढलाय ड्रॉवरमधून. त्याची एकच बाजू चालते, डावी. हेडफोनवर फोन घेतला की काका मध्ये बोलतात. वायरमधलं हवेत येत नाही, ते त्यांच्या हद्दीत नाही म्हणे. पण येतोय आवाज. नीट येतोय."

"बरं."

"आई, काका थांबतच नाहीत गं. साडेसातला म्हणतात चहा ठेवलेला नाही. जाऊन बघितलं तर खरंच नसतो. नऊला म्हणतात आंघोळीला जाऊ नको, पाणी गार आहे. एकला म्हणतात जेवायला येऊ नको. त्यांना थांबा म्हटलं तर वही दाखवतात." त्याने आवंढा गिळलेला ऐकू आला. कुणाचा आवंढा कुठे येतो हे ओळखणं त्याचंच काम होतं. "मग मी ते सगळं एका कागदावर लिहिलं आणि समोर उलटं करून लिहिलं. सत्तेचाळीस आहेत, आई. तू रोज हे सगळं म्हणायचीस?"

"रोज."

"सगळ्यांचं उलट जमलं. एक सांगायचंय. चार वाजताचं."

कालिंदीबाई उठून ओसरीच्या टोकाला गेल्या. चारला चहा गाळताना आपण काही म्हणतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चारला त्या स्वयंपाकघरात एकट्याच असत.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, 'मला कुणाशीच बोलायचं नाही.'" सौमित्रच्या हातातला कागद वाजला. "त्याचं उलट मी काल लिहिलं. मग फोन करायला आजचा दिवस उजाडला."

ओसरीवरच्या घड्याळात चारला अर्धं मिनिट होतं. फोनमधून, लांबून, स्टूल सरकल्याचा आवाज आला. आपटीकर घसा साफ करत होते.

"मला कुणाशी तरी बोलायचंय," कालिंदीबाई म्हणाल्या, रोजच्या वेळेला, रोजच्याच आवाजात.

"मला कुणाशीच बोलायचं नाही," सांगलीच्या स्वयंपाकघरात आपटीकर म्हणाले.

दोन्ही वाक्यं पूर्ण झाली. सौमित्रच्या डाव्या कानात एक होतं आणि उजव्या, उघड्या कानात दुसरं. मध्ये वायर असल्यामुळे ती भेटली नाहीत.

"बोल," सौमित्र म्हणाला. "मी इथेच आहे. बोल."

"अरे, ऐक ना," कालिंदीबाईंनी सुरुवात केली, आणि सांगलीत आपटीकरांनी वहीचं नवं पान उलटल्याचा आवाज त्यांना अगदी स्वच्छ ऐकू आला.