परसातील भोपळ्याची मोहीम आणि फरशीचा तह

परसातील भोपळ्याचे मोहिमेविषयी गल्लीत तीन प्रकारच्या कैफियती चालतात. शिंपीदादांचे दुकानी एक, दूधवाल्याचे तोंडी दुसरी, आणि पेंटरसाहेब खुद्द सांगतात ती रोज नवी, आणि दर खेपेस भोपळा वीतभर वाढलेला. ऐसियास पुढेमागे पुसणारांचा घोळ होऊ नये म्हणोन, जे घडले ते पानोपान मोजून, फुलोफूल ताडून, कोणाची भीड न धरिता येथे नमूद केले असे. वाचणारांनी सावध असावे. भाजी गॅसवर असल्यास आच मंद करोन बसावे.

तरी अखंडित-रंग-अलंकृत राजश्री पेंटरसाहेब यांनी चाळीस वर्षे गावातील दुकानांचे बोर्ड रंगविले. न्हाव्याचा, वाण्याचा, सायकलवाल्याचा, ‘येथे वाहने लावू नयेत’ हाही त्यांचाच, आणि त्याखाली वाहने लागत ती अक्षरे पाहावयास, ऐसे साहेब म्हणत. पुढे यंत्रावर छापलेले प्लॅस्टिकचे बोर्ड मुलखात शिरले आणि साहेबांची ठाणी एकामागोन एक उतरू लागली, आणि त्या हिवाळ्यात शेवटचा, डॉक्टरांचे दवाखान्याचा बोर्ड उतरला, तो साहेबांनी काखेत मारून घरी आणिला आणि कपाटामागे भिंतीकडे तोंड करोन ठेविला. तेव्हापासोन स्वारी घरात बसोन डबे रंगवू लागली. मिठाचे डब्यावर ‘मीठ’, साखरेचे डब्यावर ‘साखर’, आणि डबे सरले तेव्हा फ्रिजकडे नजर वळविली.

घरची सत्ता बाईसाहेबांची. यांनी इस्पितळात बत्तीस वर्षे नर्सची चाकरी केली होती, आणि यांचे नाक ऐसे नामांकित की वॉर्डाचे दारात उभे राहोन कोणते खाटेवरची जखम चिघळली ते सांगावे. यांनी फ्रिज वाचविला, हे प्रथम नमूद करणे.

आता वादाचा मुलूख म्हणजे स्वयंपाकघरामागील परस. लांबी तेरा फूट, रुंदी नऊ, पलीकडे मागील गल्लीत उघडणारे लहान फाटक. तेथे फरशी करोन कपडे वाळत घालावे ही बाईसाहेबांची बहुत दिवसांची मसलत. निळी दोरी वीस मीटर आणोन ठेविली होती, आणि गवंडीही मापे घेऊन गेला होता. इतक्यात थंडी ओसरली, आणि एके सकाळी पेंटरसाहेब बियांच्या पुड्या व कुदळ घेऊन परसात उतरले.

बाईसाहेब दारात येऊन बोलिल्या की, “अहो, तिथे फरशी होणार आहे. गवंडी सोमवारी येतोय.”

साहेब बोलिले, “फरशीवर काय उगवतं? शेवाळ!”

“आणि तुमच्या मातीत काय उगवणार? बोर्ड?”

हे वचन पुढे खरे ठरले, ते यथावकाश येईल. तूर्त दोन प्रहरपर्यंत शब्दाशब्दी होऊन, उभयपक्षी थकवा येऊन, चहावर तह ठरला. कलमे तीन. पहिले, उन्हाळा सरता लेक व जावईबापू राहावयास येतील, त्या दिवशी चार माणसांस एक वेळ पोटभर भाजी परसातून निघावी. दुसरे, त्यात मंडईची काडीही पडू नये. तिसरे, न निघाल्यास दुसरे दिवशी गवंडी आत आणि कुदळ बाहेर. तहनामा साहेबांनी दस्तुरखुद्द पत्र्यावर रंगविला, तांबडी अक्षरे, पिवळी सावली, आणि आपल्या पराभवाचे कलम ते सर्वांत सुरेख काढिले. शिंपीदादा कुंपणापलीकडे शिलाईयंत्र सोडून उभेच होते, त्यांनी साक्ष घातली आणि बोलिले, “पेंटर, जावयाला उपाशी नको पाठवूस बाबा. मी चार अंडी उकडून ठेवतो.”

मग मोहीम सुरू जाहली. दोन दिवस खणती झाली, त्यात हाती आले ते येणेप्रमाणे: विटांचे तुकडे एकतीस, स्टीलचा चमचा एक, लेकीच्या लहानपणीच्या गोट्या तीन, आणि साहेबांची कंबर धरली ती वेगळी. मग टोमॅटो, पालक, घेवडा, मुळा व भोपळा ऐशी पाच पथके मातीत उतरविली. आणि अंकुर एकही दिसण्यापूर्वी साहेबांनी बोर्ड रंगवून उभे केले, कारण नावाखेरीज दुकान कैसे उघडावे? प्रत्येक वाफ्यास दोन, आणि दाराशी ‘पाय पुसून यावे’ हा एक. बोर्ड अकरा, रोप शून्य. बाईसाहेबांनी खिडकीतून मोजले आणि खिडकी आपटून लाविली. तो आवाज सर्व गल्लीस ऐकू गेला.

पुढे वसंत चढला आणि एकेक पथक कामी येऊ लागले. पालकाचा बोर्ड दीड हात रुंद आणि भरघोस वळणाचा, त्याचे छायेत पालक उन्हावाचून पिवळा पडला आणि गेला. मुळ्याचे बी चिमण्यांनी पेरणीचेच दिवशी वेचले, आणि जाताना ‘मुळा’ या बोर्डावर बसोन आपली पोच देऊन गेल्या. घेवडा वीतभर वाढला तो गोगलगायींचे फौजेने घेरिला. त्या दिवसा बोर्डांचे मागील सावलीत डेरे देऊन राहत आणि उजाडण्याआधी पाने फस्त करीत. साहेबांनी मोजोन एकोणचाळीस गोगलगायी डब्यात भरून गल्लीचे टोकास हद्दपार केल्या. आठवड्याने फिरून मोजिल्या तो बेचाळीस. तेव्हा शिंपीदादा बोलिले, “तीन पाहुण्या घेऊन आल्या वाटतं.” टोमॅटोची नऊ झाडे तेवढी टिकली, परंतु ऊन तापताच फुले झडली, आणि अखेर फळे तीन. पैकी एक शिंपीदादांचे मांजरीने चेंडू म्हणोन खेळविले.

ऐसे चार गड पडता सारी भिस्त एकल्या भोपळ्यावर आली. भोपळा मात्र शूर. त्याने मांडव घेतला, फाटक घेतले, आणि पिवळी फुले उघडली. प्रथम नुसती नरफुले आली, मग मादीफूलही आले, ज्याचे देठापाशी बोराएवढा भोपळा आधीच बसलेला असतो. परंतु सभोवती सिमेंटचा मुलूख, मधमाशी औषधालाही फिरकेना. शिंपीदादांनी सल्ला दिला की, “अरे, नरफुलातला पराग ब्रशावर घे आणि बाईफुलाला लाव. ब्रश तर तुझ्या घरचाच.”

ब्रश हा शब्द ऐकताच साहेबांचे अंगी दहा हत्तींचे बळ आले. चाळीस वर्षांची विद्या अखेर कामास आली म्हणोन त्यांनी पेटीतून शून्य नंबरचा, बारीक रेघांचा कुंचला काढिला. आणि रंगाऱ्याचा धर्म ऐसा की कुंचला हाती घेण्यापूर्वी टर्पेंटाइनमध्ये बुडवावा, तीन वेळा बनियनास पुसावा, मगच कामास लावावा. तो धर्म न मोडिता साहेबांनी पराग घेतला आणि फुलाचे मधोमध ऐसा नाजूक फिरविला की जणू सोनाराचे नावावर वेलांटी देत आहेत.

तिसरे दिवशी फूल काळवंडले, बोराएवढा भोपळा पिवळा पडोन गळाला. साहेबांनी उन्हास दोष दिला. दुसरे फूल गळाले, मातीस दोष दिला. तिसरे गळाले तेव्हा शिंपीदादांचे नजरेस दोष दिला, आणि दोघे दोन दिवस बोलेनात. मग त्यांचे मनी आले की कुंचल्यात मळ राहत असावा, म्हणोन टर्पेंटाइनमध्ये दोनदा बुडवू लागले, मग चारदा. जों जों फुले गळत तों तों कुंचला अधिक शुद्ध होत गेला. येणेप्रमाणे सात मादीफुले रणी पडली, आणि लेकीचे येण्यास पन्नास दिवस उरले.

त्या सुमारास गवंडी फाटकातून डोकावून पुसू लागला की, “मावशी, सिमेंट सांगून ठेवू का?” साहेबांनी ते ऐकले. मग कोणास काही न सांगता परसातील अकराही बोर्ड एकेक उपटून, ओल्या फडक्याने पुसोन, आत नेऊन कपाटामागे दवाखान्याचे बोर्डाशेजारी लाविले, तोंडे भिंतीकडे. डबेही रंगविले नाहीत. सांजवेळी चहा दिला तो निवला.

बाईसाहेबांनी कपाटामागे हात घालून बोर्ड मोजिले. बारा. मग गवंड्यास “थांब जरा” इतकाच निरोप गेला, आणि दुसरे दिवशी उजाडताच त्या प्रथमच चप्पल घालून परसात उतरल्या, गळालेले सातवे फूल उचलिले, नाकाशी धरिले, आणि हाक मारली ती शिंपीदादांचे घरापर्यंत पोचली.

“अहो! इकडे या! याला काय लावलंय तुम्ही?”

“काय लावणार? पराग.”

“तो ब्रश दाखवा.” कुंचला हुंगिला. “तरीच! टर्पेंटाइन! अहो, हे फूल आहे, दुकानाचं शटर नाही!”

“मग न धुता धरू? चाळीस वर्षांत मी घाण ब्रश हातात धरला नाही.”

“आणि चाळीस वर्षांत तुमच्या एका तरी बोर्डाला फळ धरलं का?”

साहेबांनी कुंचला पाठीमागे लपविला.

बाईसाहेब आत गेल्या, कोपरापर्यंत हात धुतले, कापूस गुंडाळलेल्या काड्यांचा डबा घेऊन आल्या आणि वेल निरखू लागल्या. त्या सकाळी एकच मादीफूल उमलले होते, आठवे. त्यांनी कोरड्या काडीवर पराग घेतला, फुलास लाविला, पाकळ्या मिटवून वरून पांढरी चिकटपट्टी लाविली, आणि पट्टीवर तारीख व वेळ लिहिली.

साहेब हळूच बोलिले, “पण तुला तर फरशी हवीय ना?”

“हवीच आहे. म्हणून काय माझ्यासमोर पेशंट मरताना बघत बसू? सरका, त्याच्यावर सावली पडतेय.”

मग पाचवे दिवशी पट्टी सुटली, आणि भोपळा जिवंत. लिंबाएवढा झाला, मग नारळाएवढा, आणि बाईसाहेबांनी तक्ता लाविला, सकाळचे पाणी, दुपारची सावली, देठाचा रंग. शिंपीदादांशी समेट होऊन ते रोज टेप घेऊन येत आणि कुंपणावरून वाकोन कमरेचे माप घेत व मोठ्याने पुकारीत, “सव्वीस! कालच्यापेक्षा पाऊण इंच ढिला शिवावा लागेल!” साहेबांस कुंचल्यासह वेलीपासोन तीन हात दूर राहण्याचा हुकूम जाहला. तो त्यांनी पाळिला, आणि तीन हातांवरून रात्रंदिन नजर ठेविली.

पुढे भोपळा इतका भारी जाहला की मांडव कलंडू लागला आणि देठ ताणला. एक वाऱ्याची वावटळ, की सारी कमाई मातीत. तेव्हा बाईसाहेब घरात गेल्या, आणि कपाटातून ती निळी दोरी, वीस मीटर, वेष्टण न फोडिलेली, बाहेर आणिली. साहेबांचे जुने बनियन तीन पाण्यांत धुवोन, नाकाशी धरोन पारखून, मोडला हात गळ्यात बांधितात तैशी झोळी केली, आणि कपड्यांचे दोरीवर भोपळा टांगिला. साहेबांनी ते पाहिले, आणि दोरीविषयी एक शब्दही बोलिले नाहीत. चाळीस वर्षांत त्यांनी केलेले हेच शहाणपण मोठे.

नेमिले दिवशी लेक व जावईबापू दाखल जाहले. भोपळा उतरविला, वजन साडेसहा किलो, कंबर शेवटले मापी अडतीस. कापिला तो आत केशरी, बिया दोनशे चौदा. भाजी एका कढईत मावेना म्हणोन दुसरी चढली. चार माणसे बसली आणि वाढपे अकरा जाहली, पैकी चार एकल्या जावईबापूंची, ज्यांनी लग्नाआधी स्पष्ट सांगितले होते की भोपळा आपणास चालत नाही. एक वाडगा कुंपणावरून शिंपीदादांस रवाना जाहला, आणि त्यांनी बदल्यात ती चार उकडलेली अंडी धाडिली, शब्दाचे पक्के म्हणोन.

मग सर्वांनी बाईसाहेबांचे तोंडाकडे पाहिले. लेक बोलिली, “आई, मग गवंडी?”

त्या बोलिल्या, “गवंड्याला सांगा, दोरीसाठी चार खांब रोवून दे. उंच. खाली वेल, वर कपडे. आणि अहो, ते बोर्ड काढा कपाटामागून. माझं तिथे झाडायचं राहिलंय कितीतरी दिवस.”

येणेप्रमाणे तेरा बाय नऊ फूट मुलूख फरशीपासोन सुटला. फत्ते पेंटरसाहेबांचे नावे लिहिली, अंमल बाईसाहेबांकडे गेला, आणि यात हार कोणाची हे उभयतांपैकी कोणी पुसले नाही, म्हणोन आम्हीही लिहिले नाही. बिया तहनाम्याचे पत्र्यावर वाळत घातल्या, तिसरे कलम त्यांखाली झाकले गेले. अकरा बोर्ड परसात परत गेले, परंतु कापोन एक वीत रुंदीचे, ऐसा हुकूम. बारावा, दवाखान्याचा, बाईसाहेबांनी मागील गल्लीचे फाटकावर चढवावयास सांगितला. साहेबांनी तो पुसोन, अक्षरांस नवा रंग देऊन चढविला, आणि खाली शून्य नंबरच्या कुंचल्याने एक ओळ घातली, “टर्पेंटाइनसह प्रवेश नाही.”

तिसरे दिवशी एक अनोळखी बाई पाय मुरगळून त्या फाटकाशी आली, बोर्ड वाचिला, आणि आत येऊन वेलीखाली बसली. बाईसाहेबांनी हात धुतले आणि पाय बांधोन दिला. साहेब तीन हात दूर उभे राहोन तिला पुसत होते की, “अक्षर लांबून नीट दिसलं ना?”