चार वाजताची रेघ

गगनबावड्याच्या कड्यावर, आकारामच्या पडीक तुकड्यात लोखंडी खांब उभा राहिला आणि समुद्राचा वारा सरकारी झाला. दुपारी कोकणातून घाट चढून येणारा हा वारा सोबत कुठकुठले वायू आणतो, ते मोजायचं होतं. खांबावरची नळी हवा ओढायची आणि पत्र्याच्या खोपीतलं यंत्र कागदाच्या गुंडाळीवर रेघ ओढायचं. हवा तपासणाऱ्या खात्याचे रुद्रेशसाहेब दर सोमवारी सकाळी कोल्हापुराहून यायचे आणि गुंडाळी घेऊन जायचे. राखणीला आकाराम. त्याला ताकीद एकच होती, नळीजवळ धूर करायचा नाही.

आता धूर तर घरातच होता. त्याची बायको शालूबाई समुद्राकाठची. आकारामनं नृसिंहवाडीला दत्तासमोर मासमच्छी सोडली, तेव्हापासून घरच्या चुलीवर मासळी बंद. मग तिनं कड्यावर तीन दगड मांडले. चारच्या सुमाराला खारा वारा आला की ती तिथं सुका बांगडा भाजायची. "वाऱ्याला खार हाय, पर म्हायाराचा वास घाटातच सांडतोय," म्हणायची. सांडलेला वास ती आपल्या हातानं भरून काढायची आणि गुणगुणायची,

चढ चढ खाऱ्या वाऱ्या, घाट नऊ वळणाचा
सांग निरोप भावाचा, वास त्याच्या अंगणाचा

अकरा वर्षं ती माहेरी गेली नव्हती. दरवर्षी विचारायची. दरवर्षी आकाराम म्हणायचा, "म्हशी कोण बघणार?"

खांब आल्यावर आकारामनं ते तीन दगड गावाच्या बाजूला पन्नास पावलं नेले. "वारं येतंय समुद्राकडनं. धूर जाणार गावाकडं. यंत्राला कसा घावंल?" हिशेब सरळ होता, वारा मात्र सरळ नव्हता. कडा ओलांडला की तो आखाड्यातल्या पैलवानासारखा कोलांटी घ्यायचा आणि पुढं गेलेला धूर पाठीवर टाकून नळीपाशी परत आणायचा.

एका सोमवारी साहेबांनी गुंडाळी पसरली आणि ते उड्याच मारायला लागले.

"आकाराम, हे बघा! रोज चारला रेघ उठतेय. कार्बन मोनॉक्साईड! खाली किनाऱ्यावर काहीतरी मोठं जळतंय. वारा ते इथपर्यंत आणतोय!"

आकारामनं रेघ बघितली. चारला उठून पाचला खाली बसणारी. चूल पेटवून, बांगडा भाजून, निखारे विझेपर्यंत लागतो तेवढाच वेळ. साहेब गडहिंग्लजकडचे, जन्माचे शाकाहारी. खोपीत भरलेला वास त्यांना समुद्राचाच वाटत होता.

"साहेब, त्ये काय हाय..." आकारामनं सुरुवात केली.

"मला खाली जाऊन शोधलं पाहिजे. तिथली गावं, भट्ट्या माहीत असलेलं कोणी आहे का?"

"मी हाय की!" शालूबाई दारातून म्हणाली. "माझा भाऊ ज्ञानू थितंच ऱ्हातोय. समदा किनारा दावतो तुमास्नी."

तिचा चेहरा एकदम पोरीचा झाला होता. आकारामनं तो बघितला आणि ओठावर आलेला बांगडा गिळून टाकला, तोंडातल्या तोंडात.

"म्हशी?" ती हळूच म्हणाली.

"म्हशी काय पळून जात्यात व्हय? दोन दिवसांचंच हाय न्हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप घाट उतरली. रोज पाचला साहेब दूधसंस्थेत फोन करणार आणि आकारामनं रेघ सांगायची, असं ठरलं. साडेतीनला त्याच्या ध्यानात आलं, आज धूर नाही. म्हणजे रेघ उठणार नाही, आणि साहेब उद्याच बाईला घेऊन माघारी फिरणार.

तोंडाला टॉवेल बांधून, दत्ताची माफी मागत, आकारामनं दोन बांगडे भाजले.

शेजारची बायडाबाई कुंपणावरून ओरडली, "काय वो दाजी, बाई गेली तशी दत्त बी सोडला व्हय?"

"खात न्हाय! नुसतं भाजतोय!"

"मग खाणार कोण?"

"शास्त्र!" म्हणून आकाराम खोकत बसला.

फोनवर साहेबांना आनंद मावेना. "कालपेक्षा जास्त? मग भट्टी सापडेपर्यंत थांबतो! बाईंना चालेल ना?" मागून काकणांचा आवाज आला आणि लगेच "चालंल की!"

असा पेच पडला. धूर केला तर ती राहते. न केला तर येते. आकाराम रोज भाजायचा आणि रोज स्वतःचं घर आणखी एक दिवस रिकामं करायचा. म्हशी धार देईनात. भाकरी एका बाजूला करपायची. खारा वारा इतकी वर्षं त्याला नुसता लागायचा. आता आकाराम चार वाजायच्या आधीच कड्यावर येऊन त्याची वाट बघायचा. तिच्या अंगणावरनंच आला असंल, असं मनात यायचं, आणि धुराचं निमित्त करून तो डोळे पुसायचा.

सहाव्या दिवशी कड्यावरची चूल पेटली नाही.

"रेघ?" साहेबांनी फोनवर विचारलं.

"सरळ हाय, साहेब."

"एकदम सरळ?"

"आडवी पडल्यागत."

पलीकडं काकणं वाजली. मग शालूबाईचा आवाज आला, "साहेब, काय जळत हुतं त्ये इझलं असंल. चला आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप घाट चढून आली. साहेब पुढच्या सीटवर वहीत 'किनाऱ्यावरचा स्रोत बंद' असं लिहीत होते. शालूबाई उतरली, उन्हानं रापलेली, हसरी. आकारामजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली,

"मी थितं, आणि इथं माझ्या बांगड्याची रेघ उठतीया म्हटल्यावर मला काय कळणार न्हाय व्हय? धूर करून मला म्हायारी ठेवलासा, धूर बंद करून बोलीवलासा. आता तोंडानं कवा बोलणार?"

आकारामनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"करमंना," तो पुटपुटला.

"काय म्हणाले?" साहेबांनी पेन थांबवून विचारलं.

"काय न्हाय, साहेब," शालूबाई म्हणाली. "वारं हाय."