आईचं प्रेशर

माझ्या आईचं ब्लडप्रेशर आमच्या मागच्या खोलीतल्या कंप्रेसरवर आहे. त्याला दोन गेज आहेत. टाकीचं गेज एकशेवीस दाखवतं आणि नळीचं ऐंशी, आणि हे दोन्ही आकडे आईचे. डॉक्टर शेंडगे सुरुवातीला तिच्या दंडाला पट्टा बांधून खात्री करून घ्यायचे. आता तेही घरी आले की चपला काढून थेट मागच्या खोलीत जातात.

मी जुन्या लाकडी खुर्च्यांना त्याच हवेच्या स्प्रेनं पॉलिश मारतो. त्याचा आईला त्रास नव्हता, उलट उपयोगच होता. बातम्या बघून तिचं डोकं तापलं की काटा दीडशेकडे सरकायचा. मग मी घाईनं एक खुर्ची मारून घ्यायचो, आणि आई शांतपणे गवारी मोडायला बसायची.

त्या सोमवारी मोटार बंद होती, स्प्रेची गन खुंटीला होती, तरी काटा शंभराच्या खाली आलेला दिसला. तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं. आई ओटा धरून उभी होती.

"मोरू, घर फिरतंय रे."

मी पळत जाऊन मोटार लावली. काटा चढला, आईच्या चेहऱ्यावर रंग आला. मोटार बंद केली, तसा काटा पुन्हा खाली निघाला.

"हवा गळतेय," मी बायकोला म्हणालो.

"मग मोटार चालूच ठेवा," उर्मिला म्हणाली.

"जळेल. आणि दुपारपासून लाइट जाणार आहे, तारांचं काम आहे."

उर्मिलानं आईला आतल्या खोलीत नेऊन निजवलं.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साबणाचं पाणी लावून बघितलंत?"

"नाही अजून."

"आधी ते करा. आईंना मीठ-साखरेचं पाणी द्या आणि मशिनला साबणाचं. गडबडीत उलटं करू नका. मी निघालोच."

आम्ही पंखे बंद केले, टीव्ही बंद केला. कुठेतरी बारीक फुसफुस ऐकू येत होती, पण कुठून ते कळेना. आधी मी नळी काढून बाजूला ठेवली. काटा उतरतच होता, म्हणजे नळीचा दोष नव्हता. उर्मिलानं माझ्या दाढीच्या ब्रशनं टाकीखालच्या पाणी सोडायच्या तोटीला फेस लावला. काही नाही. सेफ्टी व्हॉल्व्हला लावला. काही नाही. मग टाकीच्या गेजच्या बुडाशी फेस लागला आणि तिथे मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला. त्याच्या मागून दुसरा.

मी त्यावर बोट दाबलं.

"आता बरं वाटतंय," आतल्या खोलीतून आई म्हणाली.

मी बोट काढलं.

"गेलं परत."

कोपऱ्यावरचे पंक्चरवाले नजीरभाई आणि डॉक्टर एकदमच आले. नजीरभाईंनी वाकून बघितलं. "आटे ढिले झालेत. गेज काढून टेप गुंडाळून परत बसवायचं, बस. पण हवा असताना हात लावू नका, गेज छातीत बसेल. टाकी रिकामी करावी लागेल."

"रिकामी म्हणजे किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"पूर्ण. शून्य."

डॉक्टरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "शून्याला मी परवानगी देऊ शकत नाही," ते म्हणाले.

"मी बोट लावून बसते," उर्मिला म्हणाली. "आपण पाळ्या लावू. रात्री तुम्ही, दिवसा मी."

आई भिंतीच्या आधारानं खोलीत आली. तिनं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "म्हणजे मी जगायचं आणि तुम्ही बोट लावून बसायचं? सोड ती हवा."

"आई, शून्य झालं तर?"

"मग भर परत. भरता येते ना तुला?"

येत होती. आजवर कधी मला त्यात शंका आली नव्हती.

आईला पॉलिश वाळलेल्या खुर्चीत बसवलं. उर्मिलानं तिचा हात धरला आणि मी तोटी उघडली. हवा मोठा आवाज करत गेली. साठाला आई म्हणाली, "हळू." तिसाला तिनं काहीतरी विचारलं, ते आवाजात कळलं नाही. मग आवाज थांबला. आईचे डोळे उघडे होते आणि ती कुणाकडेच बघत नव्हती. डॉक्टर तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून बसले.

मी गेज काढलं. टेप पहिल्यांदा तुटली. दुसऱ्यांदा उलट्या बाजूनं गुंडाळली गेली. "घड्याळाच्या दिशेनं," नजीरभाई अगदी हळू म्हणाले. तिसऱ्यांदा बसली. मी पाना आवळला, तोटी बंद केली, मोटार लावली. काटा वीस, पंचवीस करत निघाला आणि लाइट गेली. दुपार अजून व्हायची होती.

नजीरभाई पळाले आणि दुकानातला पायपंप घेऊन आले. त्याची नळी त्यांनी टाकीच्या, मी आधी नळी काढली होती त्या जोडावर बसवली. आधी मी मारला, मग ते, मग पदर खोचून उर्मिला, मग डॉक्टर. गल्लीतली माणसं दाराशी जमली. ज्याला जमेल तसं तो येऊन पंप मारत होता आणि घाम पुसत बाजूला होत होता. चाळिसाला आईची बोटं हलली. सत्तराला ती म्हणाली, "दार लावा, धूळ येतेय."

मी तिच्या पायाशी बसून रडलो. पंप चालूच होता.

एकशेदहाला तिनं हात वर केला. "पुरे. एवढंच ठीक आहे." डॉक्टरांनी गेजला डोळा लावला, बराच वेळ बघितलं. काटा हलला नाही.

पुढच्या आठवड्यात आई भजनी मंडळाबरोबर बसनं नरसोबाच्या वाडीला गेली. नको म्हटलं तरी ऐकणार नव्हती. तिचा फोन घरीच राहिला होता. मी सकाळपासून गेजसमोर स्टूल टाकून बसलो. मधे काटा थरथरायला लागला. मी उर्मिलाला हाक मारली.

ती हात पुसत आली, वाकून बघितलं. "घाबरू नका," ती म्हणाली. "रस्ता खराब आहे तिकडचा."

काटा बराच वेळ थरथरत राहिला. मग हळूहळू स्थिर झाला.

"उतरल्या," उर्मिला म्हणाली आणि आमटीला फोडणी द्यायला आत गेली.